‘नाही’चा बाण कुठे जातो? मानक बदलण्याची प्रक्रिया फ्लोचार्टने समजावताना

समुदायाचे मानक म्हणजे ते वापरणाऱ्यांनीच चर्चा करून ठरवलेले नियम. संगणकांनी एकमेकांशी कोणत्या रीतीने बोलायचे, नकाशातील रस्त्याची नोंद कोणत्या शब्दाने करायची, एखाद्या प्रोग्रॅमिंग भाषेत कोणते चिन्ह चालेल आणि कोणते चालणार नाही, अशा गोष्टी या नियमांनी ठरतात. असे मानक बदलण्याचा अधिकार एका माणसाच्या हातात नसतो आणि तो तसा नसावा म्हणूनच बदलाची प्रक्रिया लिहून ठेवलेली असते. अडचण एवढीच, की ती लिहिणारी माणसे प्रक्रियेत मुरलेली असतात आणि वाचणारा बहुधा पहिल्यांदाच आलेला असतो. त्याला एक साधा बदल सुचवायचा असतो. ‘माझा प्रस्ताव आत्ता कुठे आहे आणि आता मी काय करायचे’ एवढेच त्याला कळायला हवे असते. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेची मूळ प्रक्रिया ज्या दस्तऐवजात आहे, तो आरएफसी २०२६ (आयईटीएफच्या क्रमांक दिलेल्या दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात; २०२६ हा क्रमांक, साल नव्हे) हा १९९६ सालचा दस्तऐवज तीसहून अधिक पानांचा आहे. तो काळजीपूर्वक लिहिलेला आहे, पण नवख्याने त्यातून स्वतःची वाट शोधून काढावी, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

अशा ठिकाणी फ्लोचार्ट कामाला येतो. कामाचे टप्पे चौकटींत मांडून बाणांनी जोडण्याची पद्धत नवी नाही. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे अशा आकृत्या मांडल्या होत्या. पुढे संगणकाच्या प्रोग्रॅमसाठी त्या सर्रास काढल्या जाऊ लागल्या आणि १९८५ च्या आयएसओ ५८०७ या मानकाने त्यांतील चिन्हे निश्चित केली. त्या मानकात चिन्हे पुष्कळ आहेत, पण आपल्या कामाला तीन पुरतात. सुरुवात आणि शेवट लंबगोलात, करायची कृती आयतात आणि प्रश्न टोकावर उभ्या केलेल्या समभुज चौकोनात. प्रश्नाच्या चौकोनातून निदान दोन बाण बाहेर पडले पाहिजेत आणि प्रत्येक बाणावर ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिलेले असले पाहिजे. चिन्हांबद्दल याहून जास्त माहिती वाचकाला देण्याची गरज नाही. चार्ट समजून घेण्यासाठी आधी खुणांची यादी पाठ करावी लागत असेल, तर त्या चार्टने आपले काम केलेले नाही.

चार्ट काढायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते आणि बहुतेक फसलेले चार्ट ती न ठरवल्यामुळेच फसलेले असतात. बाणांवरून नेमके काय पुढे सरकते आहे? पुष्कळ आकृत्यांमध्ये पहिल्या चौकटीत प्रस्ताव असतो, दुसऱ्या चौकटीत समितीची बैठक असते, तिसरीत एखादा माणूस आणि चौथीत एखादा दस्तऐवज. बाण आहेत, पण त्यांवरून कोण चालते आहे ते सांगता येत नाही. मानकाच्या बदलाचा चार्ट काढताना बोट प्रस्तावावर ठेवावे आणि ते शेवटपर्यंत उचलू नये. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या समुदायाने हे फार साधेपणाने केले आहे. त्यांच्या बदलाच्या प्रस्तावाला ‘पेप’ म्हणतात आणि या प्रस्तावांचे नियम सांगणाऱ्या पेप १ मध्ये एक छोटी आकृती आहे. तिच्यात माणसे नाहीत, बैठका नाहीत. आहेत त्या फक्त प्रस्तावाच्या अवस्था. मसुदा, स्वीकृत, अंतिम ही सरळ वाट झाली. तिच्या आजूबाजूला नामंजूर, मागे घेतलेला, लांबणीवर टाकलेला, तात्पुरता स्वीकारलेला अशा आडवाटा आहेत. कोणताही पेप उघडला, की त्याच्या माथ्यावर त्याची अवस्था लिहिलेली असते, त्यामुळे तो आकृतीत कुठे बसतो हे वाचकाला लगेच सापडते. चार्टमधील शब्द आणि प्रत्यक्ष प्रस्तावावरील शब्द तंतोतंत एकच असणे ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट आहे. पण चार्टमध्ये ‘पुनरावलोकन’ आणि प्रस्तावावर ‘छाननी चालू’ असे लिहिले, की नवख्याची वाट तिथेच चुकते.

आता एक कलम हातात घेऊन प्रत्यक्ष आकृती काढून पाहू. समजा, एका मानकाच्या नियमावलीत असे लिहिले आहे : ‘प्रस्तावास किमान दोन सदस्यांचे अनुमोदन मिळाल्यावर तो ३० दिवस जाहीर अभिप्रायासाठी खुला ठेवण्यात येईल. आलेल्या हरकतींचे निराकरण झाल्यानंतर समिती त्यावर निर्णय घेईल.’ वाचताना यात काहीही खटकत नाही. कोणत्याही सभेत हे कलम एकमताने संमत होईल.

कागदावर वर एक लंबगोल काढा आणि त्यात ‘प्रस्ताव दाखल’ लिहा. त्याच्याखाली चौकोन येईल, ‘दोन अनुमोदने मिळाली?’ ‘हो’चा बाण खाली, ‘३० दिवस अभिप्राय’ या आयताकडे जातो. ‘नाही’चा बाण मात्र चौकोनाच्या कोपऱ्यातून निघतो आणि हवेत थांबतो, कारण कलम त्याबद्दल काहीच बोलत नाही. अनुमोदनाची वाट किती दिवस पाहायची? वर्षभर पडून राहिलेला प्रस्ताव जिवंत आहे की संपला? हे ठरलेले नसेल, तर यादीत असे अर्धमेले प्रस्ताव साचत जातात आणि त्यांना काढून टाकण्याचे धैर्य कोणालाच होत नाही, कारण तसा अधिकार कोणाला दिलेलाच नसतो.

तीस दिवसांनंतर दुसरा चौकोन येतो, ‘हरकत आली?’ न आल्यास प्रस्ताव समितीकडे जातो. मग समितीने तो मान्यच करायचा आहे, की एकही हरकत नसताना समिती तो फेटाळू शकते? कलमातील ‘निर्णय घेईल’ हे शब्द दोन्ही अर्थ पोटात घेऊन बसले आहेत. हरकत आल्यास ‘निराकरण’ नावाचा आयत आणि त्याखाली ‘निराकरण झाले?’ असा चौकोन. याचे उत्तर कोण देणार? हरकत घेणाऱ्याने द्यायचे असेल, तर एकट्या माणसाला सगळे अडवून धरता येईल. प्रस्ताव मांडणाऱ्याने द्यायचे असेल, तर हरकतीला काही अर्थच उरणार नाही. समितीने द्यायचे असेल, तर तसे लिहिले पाहिजे, आणि इथे तर ते लिहिलेले नाही.

पुढचा पेच याहून अवघड आहे. हरकत बहुधा मजकुरात दुरुस्ती करूनच मिटते. मग दुरुस्त झालेला मजकूर पुन्हा ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा का? बाण मागे नेला, तर प्रत्येक स्वल्पविरामापायी महिनाभर थांबावे लागेल आणि प्रस्ताव गोल गोल फिरत राहील. मागे नेला नाही, तर लोकांनी वाचलेला मजकूर एक आणि समितीने मंजूर केलेला दुसराच, असे घडू शकते. यावरची वाट बहुधा आणखी एका चौकोनातून निघते, ‘दुरुस्तीने अर्थ बदलला?’ बदलला असेल तर मागे, नसेल तर पुढे. शेवटी समितीने ‘नाही’ म्हटल्यावर तोच प्रस्ताव पुन्हा कधी आणता येईल, हाही प्रश्न उरतोच. दोन वाक्यांच्या निर्दोष वाटणाऱ्या कलमातून पाच अनुत्तरित प्रश्न निघाले आणि ते सगळे बाण काढताना निघाले. माझ्या मते फ्लोचार्टचा पहिला उपयोग वाचकाला नसून नियम लिहिणाऱ्याला असतो. गद्यात ‘निराकरण झाल्यानंतर’ असे लिहून पुढे सरकता येते. बाणाला मात्र दुसरे टोक द्यावेच लागते. म्हणून कोणताही असा चार्ट हाती आला, की मी ‘हो’ची वाट नंतर पाहतो. ‘नाही’चे सगळे बाण कुठे पोहोचतात हे आधी पाहतो. जो चार्ट वरून खाली सरळ रेघेत उतरतो, त्यात प्रक्रिया दाखवलेली नसते, फक्त अपेक्षा दाखवलेली असते.

चौकोनात लिहायचा प्रश्नही नीट निवडावा लागतो. समुदायांच्या नियमांत ‘सहमती’ हा शब्द फार येतो आणि चार्ट काढणारा घाईघाईत ‘बहुमत आहे?’ असे लिहून मोकळा होतो. आयईटीएफमध्ये मतदान होत नाही. तिथे ‘ढोबळ सहमती’ चालते. तिचा अर्थ उलगडणारा आरएफसी ७२८२ हा २०१४ सालचा दस्तऐवज आहे. त्याचे म्हणणे असे, की उपस्थित झालेल्या प्रत्येक मुद्द्याचा खरोखर विचार होऊन त्याला उत्तर मिळाले, तर ढोबळ सहमती झाली. तो मुद्दा मान्यच झाला पाहिजे असे नाही. त्यामुळे शंभर जण बाजूने आणि पाच जण विरुद्ध असतानाही सहमती नसू शकते, आणि पाच बाजूने व शंभर विरुद्ध असतानाही ती असू शकते. दुसरे विधान पचायला जड आहे. पण शंभर जण एकच, आधीच उत्तर मिळालेली हरकत पुन्हा पुन्हा सांगत असतील, तर त्या हरकतीचे वजन शंभरपट होत नाही, हे त्यामागचे तर्कशास्त्र आहे. तेव्हा अशा प्रक्रियेच्या चार्टमध्ये चौकोनातील प्रश्न ‘प्रत्येक हरकतीला उत्तर मिळाले?’ असा हवा. प्रश्नाचे तीन-चार शब्द बदलले, की प्रक्रियेचा स्वभावच बदलतो, आणि नवखा माणूस तेवढेच शब्द वाचून आपले डावपेच ठरवतो. ‘बहुमत’ वाचले तर तो मित्रांना गोळा करील. ‘उत्तर’ वाचले तर तो उत्तर लिहायला बसेल.

मुदती चार्टवरच लिहाव्यात, खाली टिपेत नव्हे. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रक्रियेत चर्चा निर्णयाच्या जवळ आली, की दहा दिवसांचा अखेरचा अभिप्रायकाळ जाहीर होतो आणि त्याच वेळी कल कोणता, म्हणजे स्वीकारण्याचा, बंद करण्याचा की पुढे ढकलण्याचा, हेही सांगितले जाते. या दहा दिवसांत एखादा भक्कम नवा मुद्दा पुढे आला, तर तो अभिप्रायकाळ रद्द होतो आणि प्रस्ताव पुन्हा घडणीच्या अवस्थेत जातो. मघाच्या उदाहरणातला मागे जाणारा बाण इथे नियमातच आहे. आयईटीएफमध्ये कार्यगटाकडून आलेल्या दस्तऐवजासाठी ‘अखेरची हाक’, म्हणजे मंजुरीआधी अभिप्राय मागवण्याची शेवटची मुदत, निदान दोन आठवड्यांची असते आणि कार्यगटाबाहेरून आलेला असेल तर निदान चार आठवड्यांची. तिथला मसुदा सहा महिने कोणी हात न लावता पडून राहिला, तर त्याची मुदत आपोआप संपते. काहीच घडले नाही तर काय घडते, याचे इतके स्वच्छ उत्तर फार थोड्या नियमावल्यांत सापडते. चार्टमध्ये या शांततेलाही स्वतःचा बाण हवा आणि त्यावर दिवस लिहिलेले हवेत.

निर्णय कोण घेतो, हे दाखवण्यासाठी पानाचे उभे पट्टे पाडतात, पोहण्याच्या तलावात असतात तसे. एक पट्टा प्रस्ताव मांडणाऱ्याचा, एक संपादकाचा, एक समितीचा. जी चौकट ज्याच्या पट्ट्यात, ते काम त्याचे. एखादा बाण पट्टा ओलांडतो तेव्हा काम एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि प्रस्ताव रेंगाळतात ते नेमके तिथेच. पट्ट्याच्या माथ्यावर मात्र पद लिहावे, माणसाचे नाव नव्हे. पायथनमध्ये अनेक वर्षे अखेरचा शब्द भाषेचा निर्माता खिदो फान रॉसम याचा होता. पेप ५७२ वरून झालेल्या कडवट वादानंतर जुलै २०१८ मध्ये तो त्या भूमिकेतून बाजूला झाला आणि निर्णयाची चौकट अक्षरशः रिकामी पडली. त्या जागी काय ठेवायचे याचे निरनिराळे प्रस्ताव लिहावे लागले, त्यांवर मतदान घ्यावे लागले, आणि मग पाच जणांचे निवडून आलेले सुकाणू मंडळ अस्तित्वात आले. प्रस्तावाच्या वाटा त्यानंतरही जवळजवळ त्याच राहिल्या. बदलला तो एका चौकटीतील निर्णय घेणारा.

अपिलाचा बाण चार्टमधून हमखास गळतो. नियमात तो असतो, पण आकृती देखणी दिसावी म्हणून काढून टाकला जातो. आरएफसी २०२६ प्रमाणे निर्णयावर नाराज असलेल्या माणसाला टप्प्याटप्प्याने वर दाद मागता येते आणि त्यासाठी दोन महिन्यांची मुदत असते. चार्ट पाहून चालणाऱ्याला हे कळले नाही, तर त्याच्यापुरता तो हक्क नसल्यासारखाच.

या सगळ्याच्या आधी, अगदी वर, एक चौकोन हवा आणि तो बदलाचा प्रकार विचारणारा हवा. शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करणे आणि एखाद्या संज्ञेचा अर्थ बदलणे यांना एकाच वाटेने पाठवणे म्हणजे टाचणीसाठी हातोडा उचलणे. वेबची मानके करणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था बदलांचे वर्गच पाडते : मजकुराला धक्का न लावणारे, मजकूर बदलणारे पण मानक पाळण्यावर परिणाम न करणारे, तसा परिणाम करणारे, आणि नवे वैशिष्ट्य आणणारे. वर्ग जसा, तशी वाट. काही ठिकाणी उत्तर याहून कठोर असते. एकदा प्रसिद्ध झालेल्या आरएफसीचा आशय पुन्हा बदलत नाही. त्यात सापडलेली चूक वेगळ्या शुद्धिपत्रात नोंदवली जाते आणि ती नोंद पडताळलेली, नाकारलेली किंवा पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवलेली असते. जगभरच्या लिपींतील अक्षरे संगणकात कशी नोंदवायची हे ठरवणाऱ्या युनिकोड या मानकात अक्षराला दिलेले अधिकृत नाव बदलताच येत नाही. उभ्या मजकुरासाठीच्या एका कंसाच्या नावात ‘ब्रॅकेट’ या इंग्रजी शब्दाची दोन अक्षरे उलटसुलट पडली. चूक सर्वांना दिसते, पण नाव तसेच आहे आणि शुद्ध रूप त्याला अधिकृत पर्यायी नाव म्हणून जोडलेले आहे. असा ‘नाही’चा बाण चार्टमध्ये दाखवताना तो बंद भिंतीवर न आपटवता ‘पर्यायी नाव जोडा’ या चौकटीकडे न्यावा, म्हणजे वाचकाला नकाराबरोबर वाटही मिळते.

खालच्या टोकाचा लंबगोलही जपून काढावा. त्यात ‘मान्य’ लिहिले, की सगळे संपले असे वाटते, पण मंजुरी आणि वापर यांत अंतर असते. आरएफसी २०२६ नुसार मानकाच्या तीन पायऱ्या होत्या : प्रस्तावित, मसुदा आणि पूर्ण मानक. प्रत्यक्षात बहुतेक दस्तऐवज पहिल्याच पायरीवर थांबत आणि जग ते तसेच वापरू लागे. वेबचा आधार असलेल्या एचटीटीपीचा १९९९ सालचा आरएफसी २६१६ कधीच मधल्या पायरीच्या वर गेला नाही. २०१४ मध्ये त्याची जागा नव्या दस्तऐवजांनी घेतली आणि पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला तो थेट २०२२ च्या आरएफसी ९११० ला. दरम्यान, २०११ मध्ये आरएफसी ६४१० ने मधली पायरीच काढून टाकली होती. चार्टवर तीन चौकटी एकसारख्या मापाच्या दिसत होत्या, पण वर्दळ एकीवरच होती. लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशात तर आणखी वेगळे आहे. तिथे नकाशातील वस्तूची नोंद करण्याच्या नव्या शब्दाच्या, म्हणजे खुणेच्या, प्रस्तावावर निदान दोन आठवडे चर्चा आणि निदान दोन आठवडे मतदान होते, पण मंजूर न झालेली खूण वापरायलाही कोणाला बंदी नाही आणि मंजूर झालेली वापरण्याची सक्ती नाही. हे चार्टमध्ये एका ओळीने सांगितले नाही, तर वाचक मतदानाला त्याच्या वकुबापेक्षा जास्त किंमत देईल.

इतके सगळे एका पानात कोंबू नये. पहिल्या चार्टमध्ये प्रस्तावाच्या अवस्था आणि त्यांना जोडणाऱ्या मुदती येऊ द्याव्यात. हरकतीचे निराकरण, अपील, शुद्धिपत्र यांचे वेगळे छोटे चार्ट करून मोठ्या चार्टमधील चौकटीवर त्यांचा क्रमांक टाकावा. चार्ट आणि नियमाचा मजकूर यांत फरक पडला, तर कोणाचे खरे मानायचे हेही आधीच लिहून ठेवावे. मजकुराचेच मानावे, कारण ‘अपवादात्मक परिस्थितीत’ यासारखे शब्द चौकोनात बसत नाहीत. ‘हो’ हिरवा आणि ‘नाही’ लाल, एवढ्या रंगावर विसंबू नये. रंग वेगळे न ओळखणारा वाचकही असतो आणि पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन-रीडरने वाचणाराही असतो. या स्क्रीन-रीडरवाल्यासाठी हाच प्रवास क्रमवार वाक्यांत लिहून चार्टच्या शेजारी ठेवावा लागतो. ती वाक्ये लिहिताना एखादा बाण लटकत राहिला असेल तर तोही सापडतो.

चार्ट चित्र म्हणून एखाद्याच्या संगणकात राहिला, की नियम बदलल्यावर तो हमखास मागे पडतो, कारण मूळ फाइल कोणाकडे आहे हेच कोणाला आठवत नाही. म्हणून मर्मेड किंवा ग्राफव्हिझसारख्या साधनांत तो मजकूर म्हणूनच लिहावा आणि नियमावलीच्याच फाइलींत ठेवावा. ‘मसुदा, बाण, स्वीकृत’ अशी एक ओळ लिहिली, की साधन त्याचे चित्र बनवते. कलम बदलणाऱ्याने त्याच प्रस्तावात ती ओळही बदलायची आणि छाननी करणाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवून पाहायची. मग चार्ट बदलण्याची वाट कोणती, हा प्रश्न येतो. पेप १ ने तोही सोडवून ठेवला आहे. तो स्वतः एक पेपच आहे, पण त्याची अवस्था ‘अंतिम’ नाही आणि कधी होणारही नाही. कधीच पूर्ण न व्हायच्या दस्तऐवजांसाठी त्याच आकृतीत ‘मसुदा’पासून ‘सक्रिय’कडे जाणारा एक वेगळा बाण आहे, आणि पेप १ त्या बाणाच्या टोकाशी आहे.